हिरव्या दोऱ्याची शिवण

आमच्या जुन्या गाडीत सीटा दोन आणि घरात माणसं चार. हे सात वर्षं मी चालवून घेतलं, याचा राग मला आजही येतो. गाडी तशी गुणी होती. छोटी, चौकोनी, मागे सामानाचा बंद डबा. नवरा चालवायचा, सासूबाई शेजारी मानाने बसायच्या, आणि मी नि खारू मागे फोमच्या गुंडाळीवर. खारू म्हणजे आमची आठ वर्षांची मुलगी. लहानपणी घास गालात साठवून ठेवायची म्हणून खारू. आमचा धंदा जुने सोफे आणि खुर्च्या नव्याने मढवून देण्याचा. शिवण माझी, लाकूडकाम आणि उचलाउचल नवऱ्याची. त्यामुळे मागे फोम कायमच असायचा, आणि खारूला वाटायचं की गाडीतली सगळ्यात भारी जागा आपलीच आहे.

दोन महिन्यांपूर्वी एक सायकलवाला गल्लीतून भसकन रस्त्यावर आला. पुढच्या सीटांच्या मधून मला तो नवऱ्याच्या आधी दिसला. मी ओरडले, "थांब!" माझा आवाज असा आहे की सासूबाई म्हणतात, हिला फोनची गरज नाही. नवऱ्याने पाय दाबला, गाडी जागच्या जागी उभी राहिली, सायकलवाला मागे वळूनही न बघता निघून गेला. खारू मात्र फोमवरून उडाली आणि तिचं कपाळ मागेच ठेवलेल्या शिलाई मशीनच्या लोखंडी पायावर आपटलं. भुवईच्या वर सात टाके पडले. डॉक्टर टाके घालत होते आणि मी मोजत होते. बारीक, सारखे, नीट घातले होते, पण माझ्या मुलीच्या कपाळावर होते.

त्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवर मी नवऱ्याला सांगितलं, "आता मोठी गाडी. प्रत्येकाला सीट आणि प्रत्येक सीटला पट्टा. त्याशिवाय खारू गाडीत पाय ठेवणार नाही." नवरा नुसता मान हलवत राहिला. त्याच्या शर्टाला तिचं रक्त लागलं होतं.

नवी गाडी घेणं आमच्या आवाक्यातलं नव्हतं, म्हणून वापरलेल्या गाड्या बघत फिरलो. एक बघितली, तिला मागे सीटाच नव्हत्या. दुसरीला सीटा होत्या, पण त्या उघडल्या की तीन जणांचा सोफा आत मावत नव्हता. नवरा म्हणाला, सोफ्याचे पाय काढून नेऊ. मी म्हणाले, तुझेच काढते. तिसरी गाडी रविवारी दुपारी बघायला गेलो, मी नि खारू रिक्षाने, आणि ती बघून आमचं भांडण थांबलं.

पांढरी, लांब, उंच छपराची. पुढे दोन सीटा, मधे तीन सीटांची एक रांग, तिच्या मागे जाळी आणि जाळीच्या मागे सरळसोट मोकळी जागा. नवऱ्याने खिशातून टेप काढून मापं घेतली आणि लहान पोरासारखा हसला. "पाय न काढता जातो," तो म्हणाला. सासूबाईंनी काठी टेकवत पायरीची उंची अजमावली, एकदा चढल्या, एकदा उतरल्या, आणि म्हणाल्या, "आमचं काय बाई, बसवाल तिथे बसू." म्हणजे गाडी पसंत पडली. आवडली नसती तर त्यांना कंबर आठवली असती.

गाड्या विकणारा माणूस चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट, बोलायला गोड. मला तो "ताई" म्हणत होता आणि सासूबाईंना "आई", त्यामुळे दहा मिनिटांत तो आमच्या घरातलाच झाला होता. पत्र्याच्या शेडखाली बाकावर आणखी एक कुटुंब बसलं होतं. बाप, आई आणि दोन मुलगे, मोठा खारूएवढा. बापाच्या बाह्यांवर पीठ होतं. त्याची बेकरी आहे, त्यालाही हीच गाडी बघायची आहे, असं गाड्यावाल्याने माझ्या कानात सांगितलं. "पण आधी तुमचा नंबर, ताई. तुम्ही नाही म्हणालात तरच त्यांना दाखवतो." ही घाई लावायची पद्धत मला कळते. कळत असूनही मी घाई केली.

मी मधल्या रांगेत चढले. तिन्ही पट्टे एकेक करून ओढले, खिटीत अडकवले, हिसका दिला. तिन्ही हिसक्याला घट्ट धरत होते. खट, खट, खट. जीव भांड्यात पडला. मग माझी नजर सीटांच्या कव्हरवर गेली आणि मला राहवलं नाही. "हे कोणी शिवलंय? कडा बघा, टाके कसे नाचतायत." गाड्यावाला हसला, "ताई, कव्हर तुम्ही बदलून टाका, तुमचा तर हातखंडा." मी फुगले. हे मी कबूल करते, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळे झालं. मी कव्हरच्या वाईट शिवणीवर पाच मिनिटं बोलत राहिले आणि पट्टे खाली जमिनीला जिथे बांधलेले असतात तिथे वाकून बघितलंच नाही. तिथे तिन्ही पट्ट्यांना काळ्या प्लॅस्टिकच्या नळ्या घातल्या होत्या. वरून दिसल्या त्या, पण मला वाटलं, अशाच असतात.

"एक चक्कर मारून बघू," नवरा म्हणाला. तो केव्हाच स्टिअरिंगमागे जाऊन बसला होता. गाड्यावाला त्याच्या शेजारी. मागे डाव्या खिडकीला सासूबाई, मधे मी आणि उजव्या खिडकीला खारू. खारूने पट्टा स्वतः लावला आणि मला दाखवला, "आई, बघ, माझा स्वतःचा." तिच्या भुवईवरचा व्रण अजून गुलाबी होता. मी खिडकीबाहेर बघितलं.

गाडी गोदामांच्या रस्त्याला लागली. रुंद, सरळ रस्ता, रविवार असल्याने दोन्ही बाजूंची शटरं खाली. नवरा वेग वाढवत होता आणि गाड्यावाला इंजिनाचे गोडवे गात होता. आणि माझा हात सवयीने सीटखाली गेला.

ही सवय वाईट आहे, मला माहीत आहे. कोणाच्याही घरी गेले की मी बसते आणि माझा हात बैठकीच्या खाली चाचपायला लागतो. सासूबाई डोळे वटारतात. पण वरून सगळेच सोफे छान दिसतात. कोणी कसं काम केलंय ते खालून, बोटांनी कळतं. तसा माझा हात खारूच्या बाजूला खाली गेला आणि पट्ट्यावरच्या त्या प्लॅस्टिकच्या नळीला लागला. नळी उभी चिरली होती. बोट आत गेलं.

पट्टा तिथे दुहेरी होता.

मी बोट पुढे सरकवलं. एकावर एक ठेवून शिवलेला. चौकोन आणि चौकोनात फुली. असा चौकोन कोणीही घालतो, त्यात काही नाही. मग माझं बोट शिवणीच्या टोकाला गेलं आणि तिथे मला तीन छोटे टाके लागले, मागे वळलेले, एकापेक्षा एक आखूड, तिरके. पायऱ्या उतरल्यासारखे.

शिवण संपवताना दोरा सुटू नये म्हणून सगळेच दोन टाके मागे घेतात. तीन घेऊन त्यांना तिरकं उतरवायचं हे माझ्या मावशीने मला शिकवलं. ती गेली. आता हे करणारी मी एकटी. नवरा त्याला माझी सही म्हणतो.

मी खाली वाकले. नळीच्या चिरेतून दोरा दिसला. गडद हिरवा. काळ्या पट्ट्यावर हिरवा दोरा.

माणसांचे चेहरे माझ्या लक्षात राहत नाहीत, कापड राहतं. चार वर्षांपूर्वी एक माणूस दुकानात सहा काळे पट्टे घेऊन आला होता. सगळे मधेच कापलेले. "जोडून द्या, सामान बांधायला लागतात," म्हणाला. त्या दिवशी माझा काळा दोरा संपला होता. एका सभागृहाच्या खुर्च्यांचा उरलेला हिरवा दोरा होता, तो मी मशीनला लावला. पट्टे हातात घेतले तेव्हाच मला कळलं होतं ते कसले आहेत. एकाला चपटी लोखंडी जीभ तशीच होती, खिटीत अडकवायची. आणि ज्या प्रकारे ते कापले होते, तिरके, घाईत, एका झटक्यात, तसं सामानाचे पट्टे कोणी कापत नाही. अडकलेल्या माणसाला बाहेर काढताना कापतात. मला एकच प्रश्न विचारायचा होता, हे परत गाडीत तर नाही ना लावणार? मी विचारला नाही. उलट शिवण झाल्यावर पट्टा दाराच्या कडीला अडकवून मी त्याला लोंबकळून दाखवलं होतं, आणि म्हणाले होते, "गाडी टांगा याला, सुटली तर पैसे परत."

हे सगळं आठवायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात नवरा म्हणाला, "रस्ता मोकळा आहे. धरून बसा, ब्रेक बघतो."

"बघा, बघा," गाड्यावाला म्हणाला. "बिनधास्त दाबा. जागच्या जागी उभी राहील."

माझ्या तोंडात "थांब" आलं होतं. अगदी जिभेवर. आणि ते मी तिथेच अडवलं, कारण मी "थांब" म्हणून ओरडले की हा काय करतो ते मी दोन महिन्यांपूर्वी बघितलं होतं. तो पाय दाबतो. बारा वर्षांच्या संसारात माझ्या आवाजाने त्याच्या पायाला ही सवय लावली आहे. मी ओरडले असते तर त्याने विचार न करता सगळं वजन ब्रेकवर टाकलं असतं, आणि माझी खारू त्या शिवणीच्या भरवशावर होती.

मी तोंड मिटलं. एक हात खारूच्या छातीवरून आडवा टाकून पलीकडचं दार पकडलं. दुसऱ्या हाताने पुढच्या सीटची पाठ.

"ऐक," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू येईना. "ब्रेक दाबू नकोस. पाय वर घे. गाडी आपोआप हळू होऊ दे."

आरशात त्याचे डोळे आले.

"काय झालं ताई?" गाड्यावाला मागे वळला. "अहो, दाबू द्या की त्यांना, नाहीतर कळणार कसं?"

"तुम्ही गप्प बसा," मी तशाच हळू आवाजात म्हणाले. "पाय वर घे. घेतलास?"

"घेतला."

"आई, तुम्हीही पुढची सीट धरा. दोन्ही हातांनी."

सासूबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा माझं काही न विचारता ऐकलं. काठी खाली पडली. खारू माझ्या हाताखाली आक्रसली. "आई, तू घट्ट दाबतेयस," ती म्हणाली. मी आणखी घट्ट दाबलं.

आणि पुढे, डाव्या बाजूच्या गोदामाच्या फाटकातून, एक ट्रक मागे मागे रस्त्यावर यायला लागला.

नवऱ्याला तो दिसला. मला त्याचे खांदे दिसले, ताठ झालेले. त्याचा पाय काय करत होता ते मला दिसत नव्हतं. ट्रक अर्ध्या रस्त्यात आला. "गिअरवर उतरव," मी म्हणाले. त्याने गिअर खाली घेतला. इंजिन कण्हलं, गाडी एकदा गचकली, आम्ही सगळे पुढे कललो आणि परत मागे आलो. आणखी एक गिअर. ट्रकच्या मागच्या फळीवरची माती आता मला स्पष्ट दिसत होती. गाड्यावाल्याने डॅशबोर्ड पकडला होता आणि त्याच्या तोंडून "दाबा, अहो दाबा" एवढंच येत होतं. नवऱ्याने चाक उजवीकडे वळवलं, गाडी रस्ता सोडून खडीवर उतरली, खडखडत, हळू हळू होत, ट्रकला वळसा घालून एका बंद शटरसमोर येऊन थांबली. शेवटच्या वितीला त्याने ब्रेकला पाय नुसता टेकवला असेल.

मी खारूचा पट्टा सोडला, तिला मांडीवर ओढून घेतलं आणि रडले. ट्रकवाला खिडकीतून ओरडत निघून गेला.

नवरा वळून म्हणाला, "तू हळू बोललीस ना, तेव्हाच माझ्या तोंडचं पाणी पळालं. काय झालं?"

मी सगळ्यांना खाली उतरवलं, नळी पूर्ण चिरली आणि शिवण दाखवली. मग बाकीच्या दोन. तिन्ही हिरव्या. नवरा गुडघ्यावर बसला, डोळे बारीक करून बघत राहिला, आणि त्याने टोकाचे ते तीन टाके बघितले.

"ही तर तुझी शिवण आहे," तो म्हणाला. आणि त्याचा चेहरा चक्क खुलला. "मग काय! मला वाटलं कोणा ऐऱ्यागैऱ्याची. तुझी शिवण कधी सुटलीय का आजवर?"

"बघा!" गाड्यावाला म्हणाला, पण त्याचा आवाज मधेच अडकला. तो माझ्याकडे बघत होता. आता त्याला दुकान आठवलं होतं, आणि मला तो. नवरा मात्र रंगात आला होता. त्याने पट्टा दोन्ही हातांनी धरला, पाय दाराच्या पायरीला लावला आणि जीव खाऊन ओढला. तो माणूस एकटा सोफा जिन्यावरून उतरवतो. शिवण जागची हलली नाही.

"पक्की आहे," तो धापा टाकत म्हणाला.

मला इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं. माझ्या कामाची माझ्या नवऱ्याने केलेली स्तुती, आणि ती मलाच खोडायची होती.

"हाताने ओढून नाही तुटणार," मी म्हणाले. "मीही तेव्हा लोंबकळूनच बघितलं होतं. सोफ्यावर माणूस बसतो, त्याचं वजन हळू येतं. हिसका वेगळा. आणि मी जितके टाके घट्ट घातले तितकी भोकं पाडली पट्ट्याला. चाळण केली. दोरा सोफ्याचा, चार वर्षं उन्हात. ही शिवण सोफ्याला शंभर वर्षं टिकेल. माणसाला धरायला नाही चालत. माझी आहे म्हणूनच सांगतेय."

नवरा पट्टा धरून उभा राहिला. सासूबाई शटरला टेकून उभ्या होत्या, काठीविना. त्यांनी विचारलं, "तुला तेव्हा माहीत होतं? कसले पट्टे आहेत ते?"

या प्रश्नाला दोन उत्तरं होती. एक उत्तर गाड्यावाल्यानेच मला देऊन ठेवलं होतं: सामानाचे, असं मला सांगितलं होतं. ते खरंच होतं.

"होतं," मी म्हणाले. "विचारलं नाही."

सासूबाईंनी मान फिरवली. मला वाटलं, आता सात पिढ्यांचा उद्धार होणार. पण त्या खारूच्या भुवईकडे बघत होत्या.

परत जाताना नवरा सासूबाईंना पुढे बसवून चालण्याच्या वेगाने गाडी घेऊन गेला. गाड्यावाला मागे बसला. पट्टा न लावता, हे मी बघितलं. मी आणि खारू चालत निघालो. वाटेत तिने विचारलं, "आई, तू चुकलीस?"

"हो."

"मुद्दाम?"

"मुद्दाम नाही. पण मला कळत होतं."

तिने यावर विचार केला आणि माझं बोट धरलं.

शेडपाशी पोहोचलो तर आमची जुनी गाडी चालू करून नवरा वाट बघत होता. त्याचा चेहरा उतरला होता. "आपण नाही घेत, सांगितलंय मी त्याला," तो म्हणाला. "चल. घरी चल. उगाच शोभा नको."

पांढऱ्या गाडीपाशी बेकरीवाला स्टिअरिंगमागे बसत होता. मधल्या रांगेत त्याची बायको, आणि खिडक्यांशी दोन मुलगे. धाकटा पट्टा खिटीत घालायचा प्रयत्न करत होता. प्लॅस्टिकच्या नळ्या परत जागेवर सरकवलेल्या होत्या, चिरा आत वळवून.

खट, असा आवाज आला.

मी पर्समधून टाके उसवायचं माझं छोटं हत्यार काढलं आणि गाडीचं दार सरकवलं. "बाळांनो, उतरा खाली."

"ओ बाई!" बेकरीवाला ओरडला. "आम्ही बघतोय आता. तुमचा नंबर झाला."

गाड्यावाला धावत आला आणि माझ्या कानाशी वाकला. गोडवा संपला होता. "ताई, शिवलंय तुम्ही. विसरू नका. मी चारचौघांत सांगितलं तर उद्या तुमच्या दुकानात कोण येईल? तुम्ही तुमच्या घरी जा, मी माझं बघतो."

त्याने नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. माझं दुकान म्हणजे माझी शिवण. लोक लांबून येतात ते "तिची शिवण सुटत नाही" एवढ्यावर. मागे नवरा गाडीचं इंजिन चालू ठेवून उभा होता. दोन पावलं मागे गेले असते तर सगळं झाकलं गेलं असतं.

मग मी माझ्या नेहमीच्या आवाजात बोलले. शेडमधली, आतल्या ऑफिसातली, रस्त्यापलीकडची माणसंही वळली.

"हे तिन्ही पट्टे कापलेले आहेत आणि मी जोडलेत! मी! सोफे शिवणारी! निळ्या दाराचं दुकान माझं! चार वर्षांपूर्वी मी जोडून दिले आणि तोंडाला कुलूप लावून बसले. आता सांगतेय. पोरांना खाली उतरवा!"

बेकरीवाल्याच्या बायकोने दोन्ही मुलांना दंडाला धरून बाहेर काढलं. तिने नुसतं माझ्याकडे बघितलं, आणि तिच्या नजरेत जे होतं ते मला मिळायलाच हवं होतं.

मी आत चढले, नळी काढून फेकली, पहिल्या टाक्याखाली टोक घातलं. पट्टा हातात डुलत होता, टाका सापडेना. तेवढ्यात शेजारून दुसरा हात आला आणि पट्टा ताणून धरला गेला. आमच्याकडे उसवताना कापड ताणून धरायचं काम नवऱ्याचं असतं. मी टोकाचे तीन टाके आधी कापले, मग फुली, मग चौकोन. दहा वर्षांत कोणाला जे सोडवता आले नसते ते तीन पट्टे मी पाच मिनिटांत सोडवले. गाड्यावाला "पोलीस बोलावतो" म्हणत होता. बेकरीवाला म्हणाला, "बोलवाच."

हातात तीन तुकडे घेऊन मी खाली उतरले आणि तेव्हा मला आकडा आठवला.

"सहा होते," मी म्हणाले.

गाड्यावाल्याने नजर चुकवली.

"तुम्ही सहा आणले होते. इथे तीन आहेत. बाकीचे तीन कुठे आहेत?"

"मला काय आठवतंय आता? किती गाड्या येतात नि जातात."

सासूबाई आमच्या जुन्या गाडीतून उतरल्या. काठी ठोकत, एकेक पाऊल टाकत त्या त्याच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "दुपारपासून आई म्हणतोयस ना मला?" त्या म्हणाल्या. "मग आईला सांग."

बेकरीवाल्याचा धाकटा मुलगा आईच्या मागून डोकावून गाड्यावाल्याकडे बघत होता. शेवटी त्याने त्या मुलाकडे बघत सांगितलं.

"अशीच एक होती. पिवळी केली नंतर. नदीपलीकडच्या शाळेच्या पोरांना नेते-आणते. मालक तिथेच राहतो, शाळेच्या मागच्या गल्लीत." आणि थोडं थांबून, "रोज सकाळी सातला निघते."

दुसऱ्या दिवशी सोमवार होता.

आम्ही जुन्या गाडीकडे वळलो. खारू सवयीने मागचा दरवाजा उघडून फोमवर चढायला लागली. सासूबाईंनी काठी आडवी घातली.

"पुढे बस," त्या म्हणाल्या. "माझ्या जागेवर. तिथला पट्टा कंपनीचा आहे, मी सात वर्षं लावतेय."

"आणि तुम्ही?" मी विचारलं.

"आमचं काय बाई, बसवाल तिथे बसू," असं म्हणत त्या माझा हात धरून मागे चढल्या आणि फोमच्या गुंडाळीवर बसल्या. त्यांना कंबर आठवली नाही. मी त्यांच्या शेजारी बसले, एका हाताने त्यांना धरून, दुसऱ्या हातात ते तीन तुकडे. पुढे खट असा आवाज झाला. मी पुढे हात घालून खारूचा पट्टा खालपर्यंत चाचपला. अखंड होता.

नवऱ्याने आरशात माझ्याकडे बघितलं. "नदीपलीकडे?"

"हो," मी म्हणाले. "हळू चालव. पण लवकर पोहोच."